सटवाईला चालंल असं पेन

आमच्या घरात लिवता येणारी मी एकटी, ती पण तिसरी अर्ध्यावर सोडलेली, न् घरात पेन पसंत करायची वेळ आली तवा मी बाजेवर पडलेली, कुशीत चार दिवसांचं बाळ, बाजेखाली शेगडी, न् पेनाला हात लावायची मला मनाई. पसंत मात्र मीच करायचं, कारण मी शिकलेली.

पेन मला नको होतं. सटवाईला पायजे होतं. शहरातली माणसं इसरली असतील म्हणून सांगते, बाळ जलमलं की पाचव्या रात्री सटवाई येते न् त्याचं नशीब लिवून जाते, सगळं, किती जगंल, काय खाईल, कशानं मरंल, न् एकदा लिवलं की तिला सुदा खोडता येत नाय. म्हणून त्या रात्री बाळाजवळ पाटा-वरवंटा मांडतात, विळा ठेवतात, न् एक कोरा कागद न् लेखणी ठेवतात. लिवणारी येवढी मोठी, पण सामान आपण पुरवायचं. ल्हानपणी मला ह्याचं कायच वाटायचं नाय. कोणाकडं पण पाचवी असली की कोणीतरी बोरू उसना आणायचा, सकाळी कागद कोरा तो कोराच असायचा, कारण ती लिवते ते आपल्याला दिसत नाय, बोरू ज्याचा त्याला परत जायचा, न् आमी पोरी घुगऱ्या खाऊन घरी यायचो.

मंग माझी पहिली झाली, मुलगी, माझ्या आईकडं, खालापूरच्या बाजूला. आईनं मास्तरांकडनं बोरू आणला, दौत आणली, मनापासून केलं सगळं. आता आईला लिवता येत नाय तर दौतीत शाई किती हाय हे ती कशाला बघंल, दौत म्हणजे दौत. पोरगी महिना भरायच्या आत गेली. ताप आला, दूध पिईना, न् गेली. सासूबाई भेटायला आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या, न् बोलल्या ती दौत दाखवा. दौत अजून कोनाड्यातच होती, परत द्यायचं कोणाला सुचलं नव्हतं. सासूबाईंनी ती उलटी केली, जमिनीवर दोनदा हापटली, न् आतनं काळी भुकटी पडली.

"बघा," सासूबाई बोलल्या. "लिवायला घेतलं तिनं, दोन वळी लिवल्या, न् शाई संपली. ती तरी काय करंल? उठून गेली."

आईनं ती भुकटी पदरात गोळा केली.  ते माझ्या डोक्यात असं बसलं की तवापासनं कोणाची पण दौत दिसली की आत किती शाई हाय ते मला बघावंसं वाटायचं, तलाठ्यासमोर उभी असले तरी मान उंच करून बघायचे न् तलाठ्याला वाटायचं बाई कागद वाचतेय. दोन वळीत काय मावतं हो. धड कोणाचं नाव-गाव सुदा मावत नाय.

दुसऱ्यांदा दिवस गेले तवा सासूबाईंनी सांगून टाकलं, बाळंतपण ह्या खेपेला इथंच, कर्जतला. पहिली दोन बाळंतपणं माहेरी करायची रीत, ती मोडली, लोकं काय बोलायचं ते बोलली. मी सासूबाईंना भ्यायचे. तशी मी सगळ्यालाच भ्यायचे, सापाला, विजेला, पोस्टमनला, पण सासूबाईंना जास्त, कारण साप रोज घरात नसतो.

आमचे हे कर्जत स्टेशनात कामाला. घाट चढायला गाडीला मागून इंजिन जोडतात ना, ते जोडायच्या कामावर. ह्यांना अक्षर येत नाय, पण रोज गार्डासाहेबाला बघायचे. गाडी उभी, गार्ड उभा, खिशातनं पेन काढायचं, झरझर लिवायचं, परत खिशात. बुडवायचं नाय, दौत नाय, काय नाय. घरी आले की मला सांगायचे, त्याच्या पेनाच्या पोटात शाई असते, पोटात. आमची दौतीची गोष्ट ह्यांना माहीत होतीच. एक दिवस जेवताना बोलले की ह्या वेळेला सटवाईला पोटात शाईवालं पेन ठेवू, म्हणजे तिचं लिवणं मधी थांबायला नको. सासूबाई बोलल्या तिला सवय नसंल तसल्याची. हे बोलले गार्ड पण आईच्या पोटातनं पेन घेऊन आला नव्हता, झाली सवय. सासूबाईंनी भात वाढला, म्हणजे पटलं.

आता गार्डाचं पेन विलायती, ते काय आमच्या हातातलं नव्हतं. पण कर्जतच्या पेठेत त्या वर्षी जपानी मालच माल. जपानशी लढाई अजून लागायची होती. कपबशा जपानी, फण्या जपानी, आरसे जपानी, डोळे मिटणाऱ्या बाहुल्या जपानी, सगळं दिसायला विलायती न् घरी येईस्तोवर मोडायचं. माझ्या नणंदेच्या पोरीला बाहुली आणली होती, तिचा एक हात पेठेतच रायला. तर सासूबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, जपानी बाहुली चार दिस टिकत नाय, मंग जपानी पेनानं लिवलेलं नशीब किती टिकंल? सहज विचारलं, न् भाकरी उलटली, न् इसरल्या. मी नाय इसरले. पोट येवढं पुढं आलेलं, न् मी रात रात आढ्याकडं बघत पडायचे न् इचार करायचे की पेन मोडलं तर मोडलं, लिवलेलं कसं मोडंल, न् मंग वाटायचं का नाय मोडणार.

बाळ झालं. मुलगा. चांगला रडला, सुईणबाय बोलली आवाज खालच्या आळीपर्यंत गेला. मी पहिल्यापासनं त्याच्या नाकापुढं बोट धरून बघत होते, श्वास हाय का, न् तो हायच म्हटल्यावर परत धरायचे. हे पेठेत गेले. तिथल्या दुकानदारानं दोन पेनं दिली, पसंतीवर, म्हणजे दोन्ही घरी न्या, एक ठेवा न् एक परत आणा, पण परत आणाल ते कोरं पायजे, शाई लागलेलं चालणार नाय. म्हणजे बघा, लिवून बघायचं नाय. न् सासूबाईंचं पण तेच म्हणणं, सटवाईला द्यायचं ते उष्टं नको, तिच्या आधी कोणी त्यानं रेघ ओढता कामा नये. दुकानदार न् सासूबाई ह्यांचं एकमत होईल असं कोणाला वाटलं नसतं, पण झालं, न् ते नेमकं माझ्या डोक्यावर. वर आणि बाळंतिणीच्या खोलीत गेलेली वस्तू सोयरातली, विटाळलेली, ती दुकानात परत कशी द्यायची, म्हणून पेनं उंबऱ्याच्या आत आणायची नायत. हे बाहेर उभे, सासूबाई उंबऱ्यापाशी बसलेल्या, सुईणबाय बाळाचे पाय चोळत, मी बाजेवर, खोलीत शेपा-ओव्याचा धूर, न् त्या धुरापलीकडं ह्यांच्या दोन हातांत दोन पेनं.

दोन्ही काळी. दोन्हीला सोनेरी कडं, दोन्हीला खिशाला अडकवायची पट्टी, लांबी तीच, जाडी तीच. मी बोलले एकच वस्तू दोनदा आणलीत काय. हे बोलले नाय नाय, लई फरक हाय, दुकानदारानं सगळा समजावून सांगितला, मी घोकत आलोय. एक डाव्या खिशात ठेवलेलं न् एक उजव्या. पण वाटेत ओढ्यातनं येताना सदरा काढून डोक्याला गुंडाळला, न् परत घातला तवा कोणता खिसा कोणाचा ते राहून गेलं.

मंग उघडून बघितली तवा कळलं. एकाचं टोपण आट्याचं, फिरवून फिरवून काढायचं. दुसऱ्याचं नुसतं ओढायचं, टप्पदिशी निघतं. आट्याच्या पेनात शाई वरनं काचेच्या नळीनं थेंब थेंब ओतायची, न् अख्खं पोट शाईनं भरतं. ओढायच्या पेनात आत रबरी पिशवी, कडेला एक खिटी, खिटी उचलली की पिशवी आपली आपण शाई पिते, हातबीत काळे होत नायत, पण पिशवी केवढी, करंगळीयेवढी नाय. आट्याच्याचं टोक पिवळं, ओढायच्याचं पांढरं. ह्यांनी दुकानदाराला विचारलं होतं पिवळं म्हणजे सोनं काय, तर तो बोलला जपानातच आता सोनं मिळेना, तुमाला कुठनं देऊ, पिवळं जुन्या मालातलं, पांढरं नव्या मालातलं, लिवायला सारखीच.

लिवायला सारखीच, हे दुकानदार बोलला. त्याचं काय जात होतं.

मला बाकी कायच ऐकू आलं नाय, मला नुसती शाई ऐकू आली. आट्याच्या पेनात शाई जास्त. कितीतरी जास्त. मी तोंड उघडणार येवढ्यात सासूबाई बोलल्या, "आन् तिला ते फिरवता आलं नाय तर?"

"कोणाला?" हे बोलले.

"सटवाईला. तिनं कवा आट्याचं टोपण बघितलंय का रं?"

हे बोलले देवीला काय येत नाय.

"देवीला सगळं येतं तर लेखणी आपल्याकडनं कशाला मागते?"

 सुईणबाय बोलली कंदिलात तेल घालतात ते झाकण आट्याचंच असतं, सटवाई घरोघर जाते, तिनं बघितलं असंल. सासूबाई बोलल्या ती अंधारात येणारी, तिला कंदील कशाला लागतो. मंग सासूबाई बोलल्या थांबा, मी बघते, मला आलं तर तिला येईल. त्यांनी आट्याचं पेन हातात घेतलं, डोळे मिटले, न् फिरवलं. उलटीकडनं फिरवलं. टोपण असं घट्ट बसलं की ह्यांना पण निघेना, हे ते दातात धरायला गेले न् सासूबाईंनी हातावर चापट मारली, बोलल्या मेल्या, उष्टं करतोस. शेवटी पदरात धरून निघालं. सासूबाईंनी ओढायचं पेन घेतलं, टप्पदिशी उघडलं, टप्पदिशी लावलं, परत उघडलं. त्यांना ते आवडलं. मला दिसत होतं आवडलेलं, न् सासूबाईंना आवडलं ते घरात व्हायचं.

तेवढ्यात सुईणबाय काय बोलली, तर जपानातल्या कारागिरानं पेन करून झाल्यावर एक रेघ तरी ओढून बघितलीच असंल, चालतंय का नाय म्हणून, मंग दोन्ही उष्टीच की.  बाळ नेमकं तवाच गप झालं, मी लगेच नाकापुढं बोट धरलं. सासूबाईंनी बराच इचार केला. मंग बोलल्या जपानातली रेघ जपानात रायली, इथं कोणी ओढली नाय. न् तो सवाल मिटला.

पण माझा नव्हता मिटला. थोडी शाई न् सोपं टोपण, नायतर खूप शाई न् अवघड टोपण. पहिलं घेतलं न् शाई मधीच संपली तर, मला माहीत होतं काय होतं ते. दुसरं घेतलं न् तिनं टोपण फिरवलं फिरवलं, निघालं नाय, न् ती कंटाळून तशीच गेली तर, मंग दोन वळी पण नायत. तुमी हसाल. मला त्या घडीला असं वाटत होतं की समोर दोन पेनं नायत, दोन विहिरी हायेत न् मला सांगतायत एकीत उडी टाक, कोणती ते तूच ठरव, तू शिकलेली हायेस. ह्यांनी परत एकदा दोन्ही पेनं लावून दाखवली, न् लावल्यावर ती परत एकसारखी झाली, हे स्वतःच दोन्हीकडं बघत बसले.

"आट्याचं," मी बोलले.

सासूबाईंनी माझ्याकडं वळून बघितलं. सासूबाईंना नको असलेलं मी कवा मागितलं नव्हतं.

"मला शाई पायजे, आत्याबाई," मी बोलले. "खूप शाई पायजे."

मला वाटलं आता दौतीवरनं माझ्या आईला काय बोलायचं ते बोलतील. त्या मांडीवरची राख झाडत रायल्या. मंग बोलल्या, "बरं. टोपणाचं मी बघते."

हे ओट्यावर बसून शाई भरायला लागले. दुकानातनं आणलेल्या शाईच्या वड्या पाण्यात इरघळवल्या होत्या. भरणं म्हणजे उष्टं करणं नव्हे, घागर भरली म्हणजे पाणी प्यालं असं होत नाय, हे सासूबाईंनी आधीच ठरवलं होतं. मी आतनं विचारायचे भरलं का, हे बोलायचे भरलं, मी बोलायचे अजून एक थेंब मावतोय का बघा, न् हे घालायचे. ह्यांची दाढी निळी झाली. ओढायचं पेन कोरंच्या कोरं ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवलं, परत द्यायला.

पाचवीला शेजारच्या बाया आल्या, पूजा झाली, घुगऱ्या वाटल्या, न् सगळ्या गेल्यावर सासूबाईंनी पूजेच्या पाटाजवळ कागद ठेवला, पेन घेतलं, ह्या वेळेला बरोबर बाजूनं फिरवलं, टोपण काढून खाली ठेवलं. "ती काय आटे फिरवत बसणार," बोलल्या, "तिला अजून कितीक घरं करायची असतील." न् पेन उघडंच कागदावर आडवं ठेवलं, टोक कागदाला टेकवून, म्हणजे तिनं नुसतं उचलायचं. पाट बाजेला लागून, शेगडीच्या शेकात, कारण बाळ तिथं न् नशीब बाळाजवळच लिवायचं. तिला लिवताना बघायचं नसतं, म्हणून मी घोंगडी डोक्यावरनं घेतली, बाळ पोटाशी घेतलं, न् आत घामाघूम होऊन पडले, न् कान बाहेर.

सकाळी डोकं बाहेर काढलं ते पहिलं बोट नाकापुढं. श्वास होता. मंग कागदाकडं बघितलं.

कागद काळा. मधोमध भाकरीयेवढा डाग, कडेनं निळा, मधी काळाकुट्ट, अजून ओला, चकाकतोय, न् पेनाचं टोक त्यात बुडून पडलेलं. आजपर्यंत कोणाच्या पाचवीला कागदावर काय दिसलं नाय, न् माझ्याच बाळाच्या कागदावर दिसलं, न् काय दिसलं तर हे. शेगडीच्या शेकानं पेनातली शाई फुगली असंल न् टेकलेल्या टोकातनं कागदानं ओढून घेतली असंल, असं ह्यांनी नंतर गार्डाला विचारून मला सांगितलं, न् गार्ड बोलला तर तसंच असंल. पण त्या घडीला गार्ड कुठं होता. तिला खोडता येत नाय म्हणतात, तरी मला वाटलं लिवलं न् सगळं खोडलं. नायतर लिवायच्या आधीच तिच्या हातनं शाई सांडली न् ती उठून गेली, पहिलीसारखीच. मी परत बाळाच्या नाकापुढं बोट धरलं.

सुईणबाय बाळाला न्हायला घालायला आली, तिनं कागद बघितला न् तोंडावर हात ठेवला. अगं बाय, बोलली, हे काय वाढून ठेवलंय. मागनं सासूबाई आल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आता त्या बसतील, न् कोणाचं चुकलं ते सांगतील, न् ते माझंच असंल, कारण शाई मी मागितली होती.

सासूबाईंनी पेन बाजूला केलं. कागद दोन्ही हातांनी उचलला, दाराशी उजेडात नेला, लांब धरला, जवळ धरला. सासूबाईंना अक्षर येत नाय. साऱ्याच्या कागदावर अंगठा लावतात, तो पण कागद उलटा धरून.

"लई लिवलंय," त्या बोलल्या.

सुईणबायनं तोंडावरचा हात काढला.

"लई म्हणजे लई. कागद पुरला नाय तिला. जागा संपली तर एकावर एक लिवत गेलीय. असं मी कवा बघितलं नव्हतं."

सुईणबाय बोलली तुला वाचता येतं होय गं.

"दुसरं नाय येत," सासूबाई बोलल्या. "हे येतं. तू पाणी तापव."

न् त्या दारातच बसल्या, डागावर बोट ठेवलं न् वाचायला लागल्या. उजवीकडनं डावीकडं वाचत होत्या, मी तिसरीपर्यंत गेलेली, मला कळत होतं, पण मी टोकलं नाय. पोरगा रडका निघंल. शाळेत जाईल, मास्तर मारील, चुकी दुसऱ्याची असंल. भात आवडंल, नाचणी आवडणार नाय, लाडावलेला असंल. पोहायला शिकंल, कोणी शिकवणार नाय, आपला आपण शिकंल.

"आजार?" मी बाजेवरनं विचारलं.

"हायेत की." बोट खाली गेलं. "खोकला हाय, मोठा. गोवर हाय. आन् हे बघ, आंब्यावरनं पडतो. हात मोडतो. डावा."

"मरत नाय?"

"हात मोडून कोण मरतं गं? पुढं लगीन हाय ना त्याचं."

सगळं चांगलंच वाचलं असतं तर मला पटलं नसतं. मला बरं वाटावं म्हणून बोलतायत असं वाटलं असतं. पण खोकला होता, गोवर होता, हात मोडत होता, डावा का उजवा ते सुदा होतं, म्हणून माझ्या अंगातलं कायतरी सैल पडलं. मी बोलले पुढं वाचा. सासूबाईंनी पुढं वाचलं. रेल्वेत लागतो. बायकोशी भांडतो, भांडण तिच्या माहेरावरनं, न् तो चुकीचा असतो. पोरं होतात, एक पोरगी फार शिकते. मंग गुडघे दुखतात. मंग दात पडतात.

"सगळे?" मी बोलले.

"सगळे. नातू दुधात भाकर कुस्करून देतो."

तवा मी रडले. पहिली गेली तवा मी रडले नव्हते, आई रडत होती म्हणून मला जमलं नव्हतं. सासूबाई तिकडं तोंड करूनच बोलल्या रडू नको, दूध आटंल. अजून पुढं हाय, बोलल्या, पण माझी बोटं काळी झाली. न् त्यांनी कागदाची घडी केली न् नदीत सोडून आल्या.

हे दुसरं पेन परत द्यायला गेले तर दुकानदारानं विचारलं ठेवलेलं कसं चाललंय. हे बोलले एका रात्रीत अख्खं पेन रिकामं केलं. दुकानदार बोलला मोठं लिवणारं माणूस दिसतंय घरात.

पुढच्याच वर्षी जपानशी लढाई लागली. मुंबईची माणसं बोचकी घेऊन कर्जतला यायला लागली, बोलायची जपानी वरनं बाँब टाकणार. लोकांनी जपानी कपबशा लपवल्या, न् मला नवंच भ्या, की दुश्मनाच्या पेनानं लिवलेलं आता सरकार रद्द करंल. मी सासूबाईंना विचारलं. त्या बोलल्या पेन कुठलंय ते बघू नको, लिवणारी इथलीच हाय ना. मी पेन तरी पण तांदळाच्या कणगीत खोल पुरून ठेवलं, सरकार काय कणगीत हात घालत नाय.

मंग त्याला खोकला झाला, मोठा, उलटी होईस्तोवर. मंग गोवर झाला. दोन्ही वेळेला मी त्याच्याजवळ रात रात जागत बसायचे न् आतनं कुठंतरी बरं पण वाटत होतं, की लिवल्याप्रमाणं चाललंय. तो आता शाळेत जातो. मास्तर मारतो, चुकी दुसऱ्याची असते असं तो सांगतो. नाचणीची भाकर बघून तोंड फिरवतो. सगळं झालं, रायला आंबा.

आंबा आमच्या परसात हाय. पहिली काही वर्षं मी त्याला त्या बाजूला फिरकू दिलं नाय, हाक मारून मारून माझा गळा बसायचा. एक दिवस सासूबाई बोलल्या, "जाऊ दे गं त्याला. पडल्याशिवाय पुढचं कसं व्हायचं?"

तवापासनं माझी झोप गेली. कारण खरं हाय ते. लगीन, पोरं, शिकलेली पोरगी, गुडघे, दात, नातू, सगळं आंब्याच्या पुढं लिवलंय. मी त्याला जमिनीवर धरून ठेवलं तर त्याचं आयुष्य पण तिथंच अडून बसंल. परवा मी हंडा घेऊन मागल्या दारी आले तर हा पहिल्या बेचक्यात बसलेला, पाय हलवत. मी हाक मारायला तोंड उघडलं न् मिटलं. उंची बघितली, फार नव्हती. खाली बघितलं, पाचोळा होता, माती भुसभुशीत होती. हाच आंबा असंल तर येवढ्यावरनंच होऊ दे, मी मनात बोलले, डाव्या हातावर होऊ दे, आजच होऊ दे. न् लगेच स्वतःच्या गालावर चापट मारली. त्यानं वरनं विचारलं आये, अशी काय उभी रायलीस. मी बोलले काय नाय, बस तू.

तो बसला, कैऱ्या तोडल्या, सदऱ्यात भरल्या, न् धड उतरला. कुठं खरचटलं पण नाय. मी त्याला जवळ ओढलं, डावा हात दाबून बघितला, न् पाठीत एक धपाटा घातला. तो बोलला मी काय केलं. सासूबाई मागल्या दारातनं बघत होत्या, तांदूळ निवडता निवडता.

"आज नाय वाटतं," त्या बोलल्या, न् सूप उचलून आत गेल्या.